पचलेला वास

बाटलीचं बूच उघडलं आणि मला आमच्या मोरीतला निळा टब आठवला. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांवर कुणी रॉकेल ओतावं तसा तो वास. मी बूच घट्ट लावलं, हातमोजे काढून टाकले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. खाली टेम्पोत साड्यांचे गठ्ठे चढत होते, हमाल एकमेकांना शिव्या घालत होते, सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. तो टब आईने फक्त बापूंच्या कपड्यांसाठी ठेवला होता. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यातून बापू आले की दारातच शर्ट-पँट उतरवायचे, आई ते काठीने उचलून टबात टाकायची, आणि तरीही जेवताना भाकरीच्या पापुद्र्यातून तोच वास यायचा. माझा भाऊ कुंदन लहानपणी त्याला बापूंचा वास म्हणायचा. बाकीच्या पोरांच्या बापांना घामाचा, बिडीचा, फार तर मशीनच्या तेलाचा वास असायचा. आमच्या बापाला हा होता. दोन वर्षं झाली बापूंना जाऊन. दोन वर्षांत मला तो कुठेच आला नव्हता, आणि आता एका तपकिरी बाटलीत बसून तो माझ्या टेबलावर आला होता.

बाटलीवर नाव नव्हतं, फक्त आकडा होता. माल कुणाचा हे तपासणाऱ्याला कळू नये, असा आमच्या लॅबचा नियम आहे. नियम करणाऱ्यांनी डोळ्यांचा विचार केला, नाकाचा केला नाही. माझं काम पाणपिसवांचं. लॅबमध्ये त्यांना डॅफनिया म्हणतात. गोड्या पाण्यातला टाचणीच्या डोक्याएवढा जीव, अंगातून आरपार दिसणारा. भिंगाखाली धरला तर पाठीशी हृदय धडधडताना दिसतं आणि पोटात खाल्लेल्या शेवाळाची हिरवी रेघ. एखादं नवं रसायन नदीनाल्यात गेलं तर काय होईल, हे आधी यांना विचारायचं. पाण्यात ते कमीजास्त मिसळून ओळीने काचेची पात्रं मांडायची, प्रत्येकात कालपरवा नव्हती अशी ताजी पिल्लं सोडायची आणि दोन दिवसांनी पात्र हलकेच हलवून बघायचं. पोहलं ते शाबूत. तळाशी पडून राहिलं ते गेलं असं धरायचं. शेवटची ओळ साध्या पाण्याची, तिच्यात काहीच मिसळायचं नाही. या साध्या पाण्यातली पिल्लं जगली तरच बाकीच्यांच्या मरणाला किंमत. ती मेली तर सगळी चाचणी रद्द, मग विषात कितीही मेलेली असोत. यांच्यासाठी मी अत्तर सोडलं, गजरा सोडला, घरात मच्छर अगरबत्ती लावू देत नाही, कारण बाहीला लागून आलेला तेवढा धूरही यांना पुरतो. आई म्हणते, नवऱ्यासाठीसुद्धा कुणी इतकं करत नाही. मी म्हणते, नवरा इतका नाजूक मिळाला तर त्याच्यासाठीही करीन.

जिन्यात उभ्या उभ्या मला काय वाटलं ते मी लपवत नाही. मला आनंद झाला. भूक लागलेल्या माणसाला फोडणीचा वास आल्यावर होतो तसा, पोटातून उठलेला आनंद. सुकदेव, म्हटलं, आता तू माझ्या हातात आलास. सुकदेव आमच्याच गावचा, अमळनेरकडचा. बापूंच्या आधी सुरतेला आलेला. त्यानेच बापूंना कारखान्यात लावलं, त्यानेच बमरोलीत खोली बघून दिली, आम्ही त्याला काका म्हणतच मोठे झालो. पुढे तो सुपरवायझर झाला. कारखान्यात एक मोठी जमिनीतली टाकी होती, तिचा गाळ वर्षातून एकदा माणूस उतरवून काढायचे. नवी पोरं तोंडाशी जाऊनच परत फिरायची, म्हणून सुकदेव नाक गेलेला माणूस शोधायचा. तशी रीतच होती तिथली. काही वर्षं त्या मालात काढली की माणसाला वास येईनासा होतो, आणि तसं झालं की वास पचला म्हणतात, एखाद्याला दारू पचते तसा. ज्याला पचला तो पक्का कामगार. बापूंना पचला त्या संध्याकाळी ते छाती फुगवून घरात आले होते. आईला म्हणाले, ‘‘मले आते वास पची गया. ज्याले वास येस नही, त्याले काही व्हस नही.’’ आईलाही बरं वाटलं. आम्ही तर त्यांची थट्टाच मांडली. कुंदन खवट तुपाची पोळी पुढे करायचा आणि तूप कसं आहे विचारायचा, बापू बोटं चाटत फक्कड म्हणायचे, आणि आम्ही लोळून हसायचो. बापूसुद्धा हसायचे. पुढच्याच श्रावणात सुकदेवने त्यांना टाकीत उतरवलं.

भरदुपारी रिक्षा दारात आली. सुकदेवने आणि आणखी एकाने बापूंना काखेत धरून आत आणलं, खाटेवर ठेवलं. बापू माझ्याकडे बघत होते पण त्यांना मी दिसत नव्हते, आणि श्वास असा येत होता जसा कुणी आतून अडवून धरलाय. डॉक्टर येईपर्यंत तोही थांबला. बापूंच्या अंगात कोरडा, इस्त्रीचा, चौकड्यांचा शर्ट होता. तो बापूंचा नव्हता, सुकदेवचा होता. टाकीतले कपडे त्यांनी कारखान्यातच उतरवून घेतले होते. डॉक्टरसमोर सुकदेव हात जोडून म्हणाला, ‘‘घर से ही तबियत खराब थी इनकी.’’ पोलिसांनाही तेच, गल्लीलाही तेच. टाकीचं नाव कुणी काढलं नाही. पण शर्ट बदलता येतो, केस बदलता येत नाहीत. बापूंचं डोकं माझ्या मांडीवर होतं, केस ओले होते आणि त्यांतून तोच वास येत होता, इतका की माझे डोळे चुरचुरले. घरून आजारी गेलेल्या माणसाच्या केसांत टाकी कुठून आली, असं मी विचारलं तर चंचल बिथरली आहे म्हणून बायकांनी मला मोरीत नेऊन तोंडावर पाणी मारलं. तेराव्याला आईने तो शर्ट धुतला, इस्त्री केला आणि घडी घालून सुकदेवच्या घरी पोचवला. परक्याची वस्तू आपल्याला नको, म्हणाली. धुतला ते एक वेळ समजू शकते, पण इस्त्री. त्या इस्त्रीवरून मी आईशी कितीतरी दिवस बोलले नाही.

आमच्या विभागाच्या पूजाबेन भल्या आहेत. त्यांनी एवढंच सांगितलं की नवा माल आहे, कापड रंगवताना वापरायचा, पार्टीला परदेशात विकायचाय आणि आपल्या अहवालाशिवाय तो बंदरातून हलणार नाही. म्हणजे मालकाचं सगळं घोडं माझ्या पिसवांपाशी अडलं होतं. मनात आलं, काहीतरी करावं. करायला वाटा पुष्कळ असतात. उपाशी ठेवलेली पिल्लं घ्यायची, त्यांना पिपेटमधून जरा जोरात सोडायचं, कुणाच्या बापाला कळणार नाही. पण गरजच काय होती? ज्या मालाने माझा उभा बाप नेला तो या टाचणीच्या डोक्यांना सोडणार होता थोडाच. मी उलट वेचून वेचून तगडी पिल्लं घेतली, गिरक्या मारणारी, उजेडाकडे झेपावणारी. साक्षीदार धडधाकट हवा. एकेक पिल्लू पात्रात सोडताना मी मनातल्या मनात सुकदेवचं नाव घेत होते, आई जशी आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन गहू मुठीने टाकते तशी. दोन वर्षांपूर्वी त्या गव्हातून बापूंची मूठ गेली. आता एकट्या कुंदनची मूठ पडते, आणि त्यानंतर आईचा हात थोडा वेळ तसाच परातीवर राहतो.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर सगळी पोहत होती. साध्या पाण्यातली पोहत होती, थोड्या मालातली पोहत होती आणि सगळ्यात जास्त माल घातलेल्या पात्रातली तर तोऱ्यात वरखाली करत होती. मी दिवा जवळ आणला, पात्र हलवलं, पुन्हा हलवलं. एकही तळाशी नाही. म्हटलं अजून एक दिवस आहे, एवढी घाई नको. त्या दिवशी घरी जाताना रिक्षात मी शेजारच्या बाईला बॅग लागली म्हणून इतकं बोलले की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. आणि तिसऱ्या दिवशीही सगळी जिवंत. पूजाबेन मागून येऊन बघून गेल्या, चोख्खो माल छे, म्हणाल्या, आणि कौतुकाने माझ्या पाठीवर थाप मारली. जेवणाची सुट्टी झाली, सगळे खाली गेले, मी तिथेच बसले. मला त्या जिवांचा इतका राग आला होता की सांगता येत नाही. हरामखोरांनो, म्हटलं, तुमच्यासाठी मी केसांना तेल लावायचं सोडलं आणि तुम्ही सुकदेवच्या बाजूने साक्ष देता. हाताशी भांडी धुवायच्या ब्लीचची बाटली होती. एक थेंब. प्रत्येक पात्रात एकेक थेंब, साधं पाणी सोडून. मी ड्रॉपर भरलासुद्धा. मला कुठल्या पापभीतीने अडवलं नाही, उगाच मोठेपणा सांगत नाही. अडवलं ते एवढ्याच हिशेबाने की मालक पुन्हा चाचणी करायला लावेल, दुसऱ्या लॅबमध्ये ती पुन्हा जिवंत राहतील, आणि मग सुकदेव दुसऱ्यांदा सुटेल. मला तो एकदाच, पण कायमचा हवा होता.

ड्रॉपर रिकामा केला आणि ते सगळ्यात जहाल पात्र मी नाकाशी धरलं, का ते मला माहीत नाही. कदाचित बापूंना एकदा भेटावंसं वाटलं असेल. वास नव्हता. शेजारचं घेतलं, त्यालाही नव्हता. सगळी ओळ हुंगली, नुसतं पाणी. मी तीन दिवस या खोलीत बसून आहे, म्हटलं, मलाही पचला की काय? मी तशीच धावत जेवणाच्या टेबलाशी गेले, डबा उघडला, लसणाच्या चटणीत नाक घातलं. लसूण आला. लोणच्याचा आला, डब्याच्या झाकणाच्या रबराचाही आला. नाक शाबूत होतं. म्हणजे वास खरोखरच गेला होता. डबा उघडा टाकून मी परत आले आणि उघड्या पात्रांच्या त्या ओळीकडे बघत उभी राहिले, आणि हळूहळू मला सगळं कळत गेलं. माल पाण्यात राहिलाच नव्हता. उघड्या तोंडातून उडून गेला होता, खोलीत, हवेत, गेल्या दोन दिवसांत थोडा माझ्याही छातीत. पिसवा विषात पोहत नव्हत्या, साध्या पाण्यात पोहत होत्या. मी पिसवा जगल्या म्हणून माल निर्धोक समजत होते, आणि बापू वास नाही म्हणून टाकी निर्धोक समजले होते. फरक एवढाच की माझ्यापुढे पाणी मोकळं झालं होतं, आणि बापूंपुढे टाकी भरलेली होती आणि मोकळं झालं होतं ते त्यांचं नाक. पचलं काहीच नव्हतं. पहारेकरी मेला होता आणि घरात त्याचं बक्षीस वाटलं जात होतं.

हे सांगितल्यावर पूजाबेन फाटे फोडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पात्रातलं पाणी मशीनवर लावायला सांगितलं, आकडे बघितले, माल जवळजवळ नाहीच हे त्यांनाही दिसलं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, ‘‘तो बंद बॉटल में कर ने, बेन. ऊपर तक भर के, हवा का एक परपोटा नहीं रहना चाहिए.’’ एक बुडबुडा राहू द्यायचा नाही, इतकं सोपं. शनिवारी मी काचेच्या बुचाच्या बाटल्या मांडल्या, काठोकाठ भरल्या, पिल्लं सोडली आणि एकेक बूच बसवलं. बूच बसताना थोडंसं पाणी बाहेर सांडतं आणि काचेवर काच घासल्याचा आवाज येतो. साध्या पाण्याच्या बाटल्यांनाही तसंच बंद केलं, कारण कोंडल्याने मेली असं म्हणायला जागा राहू नये. जहाल बाटलीत एक पिल्लू सरळ वर आलं, बुचाला डोकं लावलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. टाकीच्या तोंडाशी तेव्हा सुकदेव माझ्यासारखाच वाकून बघत असेल, असं मनात आलं. त्याला काय दिसलं असेल, त्याने हाक मारली असेल का, किती वेळाने मारली असेल. मी उठून हात धुतले, आणि परत येऊन उरलेली बुचं लावली.

रविवारी सकाळी सुकदेव आमच्या घरी आला. पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसणार होती, जागराला स्पीकर आणून देतो म्हणून सांगायला. अंगात तोच चौकड्यांचा शर्ट. कॉलर विरली होती, पण शर्ट तोच. आईने त्याला खाटेवर बसवलं, त्याच खाटेवर, आणि चहा ठेवायला वळली. तिचं लक्ष खाटेकडेच होतं, दूध पातेल्याला लागलं. सगळ्या खोलीत करपल्याचा वास भरला. घरात दुसरं दूध नव्हतं, आईने त्याच दुधाचा चहा केला. मी एक घोट घेतला, नुसता कोळसा. सुकदेव बशीत ओतून फुर्र करत प्यायला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, ‘‘चाय भारी व्हयना वहिनी. इलायची टाकी का?’’

आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. मग ती उठली आणि पातेल्यातला उरलेला चहा तिने त्याच्या कपात ओतला. तोही तो प्यायला. खुशीत होता. आपला नवा माल आता फॉरेनला जाणार, कुठल्याशा लॅबमध्ये तपासायला धाडलाय, पास झाला की मालक मला मॅनेजर करणार, असं सगळं तो सांगत राहिला. लॅबवाल्यांना काय, पाण्यातल्या किड्यांवर बघतात म्हणे, असं म्हणून हसला. मी कुठल्या लॅबमध्ये काय करते हे त्याने कधी विचारलं नव्हतं, पोरीच्या जातीला कोण विचारतं. मग सहज बोलावं तसं म्हणाला, ‘‘उद्या टाकी साफ करनी शे. नवा पोर्‍या उतरतस नहीत, वास येस म्हनतस. मीच उतरसू आते. मलेबी पची गया ना, वहिनी.’’

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. काका, पचत नाही, नाक मरतं, टाकी तशीच भरलेली असते. एवढंच. लॅबमध्ये वास का गेला ते मी पूजाबेनना हिंदीत सांगितलं होतं, इथे हे अहिराणीत सांगायचं होतं, त्याहून अवघड काही नव्हतं. सोमवारचा अहवाल मालकाला लागेल, माल बंदरात अडकेल, पण मालक दुसरा माल काढेल आणि सुकदेवच्या अंगावर ओरखडासुद्धा उठणार नाही, हे मला तेव्हाच पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. आणि सुकदेव तर माझ्यासमोर बसून स्वतःच्या पायांनी टाकीकडे निघाला होता. त्याचं नाक बापूंच्या नाकासारखंच घामाने चमकत होतं. मला त्याची दया आली का? आली असावी, कारण मी तोंड उघडलं होतं. पण आई आधी बोलली. दोन वर्षांत तिने त्या दुपारबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. भिंतीवरच्या बापूंच्या फोटोकडे बघत, अगदी सावकाश, ती म्हणाली, ‘‘बरं व्हयनं भाऊ. चंचलना बापले बी पचेल व्हता.’’

सुकदेवनेही फोटोकडे बघितलं. शालिग्राम मोठा पक्का माणूस होता, म्हणाला, दोन बोटं कपाळाला लावली आणि उठला. मला वाटलं आता त्याच्या डोक्यात शिरेल, दारापर्यंत जाता जाता तरी तो वळेल. आईने सगळं सांगून टाकलं होतं, एक शब्द राखला नव्हता. पायांत चपला सरकवताना तो एवढंच विचारत होता की स्पीकर एक लागेल की दोन. आईने दोन सांगितले. तो गेल्यावर ती करपलेलं पातेलं घेऊन मोरीत बसली आणि राखेने घासत राहिली, निघायचं ते डाग कधीच निघाले होते तरी.

सोमवारी लॅबमध्ये जाऊन मी पर्स लॉकरमध्ये ठेवली आणि फोन हातात घेऊन उभी राहिले. पिसवांच्या खोलीत फोन नेत नाहीत. सुकदेवचा नंबर समोर होता, नावापुढे काका लिहिलेलं, कधी बदललंच नव्हतं. कारखान्यातली कामाची पाळी सुरू व्हायला थोडा वेळ होता. टाकीचं झाकण दोन माणसं पहारीने सरकवतात, मग थोडा वेळ ती उघडी ठेवतात, असं बापू सांगायचे. तेवढ्यात पूजाबेननी आतून हाक मारली, चाल बेन, टाइम हो गया. मी फोन लॉकरमध्ये ठेवला, चावी फिरवली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. त्या साबणाला कसलाच वास नसतो.

सगळ्यात जहाल बाटल्यांतली पिल्लं तळाशी होती, पांढुरकी. बाटली हलवली तर पाण्याबरोबर हलली आणि परत बसली. त्याहून कमी मालातलीही तशीच, त्याहून कमीतली अर्धी. एकाचा नुसता हात हलत होता. पोहत नसेल तर ते गेलं असं धरायचं, म्हणून धरलं. पूजाबेन आकडे लिहून घेत होत्या आणि मी सांगत होते, माझा आवाज बरा होता. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे तिकडे कारखान्यात पाळी सुरू होऊन गेली होती. मग मी शेवटची ओळ उचलली, साध्या पाण्याची, आणि एकेक बाटली दिव्यासमोर धरून पुन्हा पुन्हा बघितली, जणू त्यातलं एखादं तरी पडलेलं असावं असं मला वाटत होतं. सगळी पोहत होती. चाचणी ग्राह्य धरायला काहीच हरकत नव्हती.